एक चालक, दोन लीग: स्पीडवेत परवानगी कुठवर असावी?

प्रश्न असा आहे: ब्रिटनमधील स्पीडवेत, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यतींत, एकच चालक सोमवारी वरच्या लीगमधील एका संघासाठी आणि शुक्रवारी खालच्या लीगमधील दुसऱ्याच संघासाठी शर्यतीत उतरतो, ही पद्धत चालू ठेवावी, की एका चालकाला एकच संघ असा सरळ नियम करावा? माझे मत आधीच सांगतो. वर चढू पाहणाऱ्या चालकाला दोन लीगची मुभा असावी, वरच्या लीगमध्ये स्थिरावलेल्याने खाली येऊन जागा अडवू नये, आणि दोन सामन्यांच्या तारखा एकमेकांवर आल्या तर त्याची झळ त्या तारखा ठरवणाऱ्या संघाला लागावी. सरसकट बंदी मला पटत नाही आणि आजची ढिलाईही पटत नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, इंजिनकामातला माणूस. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात आधी पिटमध्ये (सामन्यावेळी गाड्या तयार ठेवतात त्या जागेत) मेकॅनिक म्हणून आणि पुढे संघाच्या व्यवस्थापनात काम करताना या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जवळून पाहता आल्या. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पीडवेच्या गाडीला ५०० सीसीचे, एकाच सिलिंडरचे, मिथेनॉलवर चालणारे इंजिन असते. गिअर एकच असतो आणि ब्रेक नसतो. चार चालक मातीच्या लंबगोल ट्रॅकवर डावीकडे वळत, मागचे चाक घसरवत चार फेऱ्या मारतात आणि साधारण एका मिनिटात निकाल लागतो. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण मिळतो, चौथ्याला काहीच नाही. ब्रिटिश लीगच्या सामन्यात अशा १५ शर्यती होतात आणि प्रत्येकीत दोन्ही संघांचे दोन-दोन चालक असतात. संघ सात जणांचा असतो. त्यातले पाच जण चार किंवा पाच वेळा उतरतात, तर राखीव दोघांना गरजेनुसार अधिक, अगदी सात वेळांपर्यंतही उतरवता येते. चालकाची सरासरी चार शर्यतींमागे मोजली जाते, म्हणजे प्रत्येक शर्यत जिंकणाऱ्याची सरासरी १२ येते. हंगामाआधी संघ बांधताना चालकांच्या सरासऱ्यांची बेरीज ठरावीक मर्यादेत बसवावी लागते. ही सरासरी पुढच्या साऱ्या चर्चेत महत्त्वाची आहे.

दोन पातळ्यांवर एकाच वेळी खेळण्याची कल्पना नवी नाही. १९६५ मध्ये ब्रिटनमधील दोन लीग एकत्र येऊन ब्रिटिश लीग झाली आणि १९६८ मध्ये तिला दुसरा विभाग जोडला गेला. त्या दुसऱ्या विभागाचे पहिले विजेतेपद मँचेस्टरच्या बेल व्ह्यूच्या दुय्यम संघाने, कोल्ट्सने, मिळवले. मुख्य संघ पहिल्या विभागात आणि होतकरू मुले दुसऱ्या विभागात, ट्रॅक मात्र एकच, अशी ती रचना होती. हेच कोल्ट्स पुढे रॉचडेलला गेले आणि १९७० मध्ये तिथून पीटर कॉलिन्स पुढे आला, जो सहाच वर्षांनी विश्वविजेता झाला. दुसऱ्या विभागातल्या मुलाला अधूनमधून पहिल्या विभागाच्या संघात राखीव म्हणून बोलवायचे, त्याला चार गोष्टी शिकू द्यायच्या आणि परत पाठवायचे, असा तेव्हाचा रिवाज होता. १९९७ मध्ये एलिट लीग आणि प्रीमियर लीग अशी नवी विभागणी झाली. त्यानंतर हा अधूनमधूनचा रिवाज हळूहळू हंगामभराचा करार बनला. २०१७ पासून या दोन पातळ्यांची नावे प्रीमियरशिप आणि चॅम्पियनशिप अशी आहेत. आता वरच्या लीगमधील संघांची यादी वाचताना बरीचशी नावे खालच्या यादीतही सापडतात. अपवाद नियमासारखा वागू लागला आहे, आणि प्रेक्षकांची कुरकुर आहे ती इथे.

ती कुरकुर रास्त असली तरी बंदीची मागणी करण्यापूर्वी साधा हिशेब मांडावा लागतो. २०२३ मध्ये प्रीमियरशिपमध्ये सात संघ होते, म्हणजे जागा ४९. सात संघांनी एकमेकांशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळायचे ठरवले तर एका चालकाच्या वाट्याला १२ सामने येतात, आणि तेच दोनदा केले तर २४. हंगाम मार्चअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो. ब्रिटनमधील चालक पगारी नोकर नसतो, तो स्वतःचा धंदा चालवणारा माणूस असतो. किमान दोन गाड्या, इंजिने, व्हॅन, टायर, मिथेनॉल आणि मेकॅनिकची मजुरी हा सगळा खर्च त्याचा असतो आणि उत्पन्न मुख्यतः मिळवलेल्या गुणांवर असते. एवढ्या मोजक्या सामन्यांवर हे गणित जमत नाही. जे दुसरी लीग घेत नाहीत ते बहुधा परदेशात खेळतात किंवा आठवडाभर गवंडीकाम, सुतारकाम, ड्रायव्हिंग असे काही तरी करतात. उद्या एक चालक एक संघ असा नियम केला तर वरच्या लीगमधले कित्येक चालक खाली जाणे पसंत करतील, कारण तिथे ते आघाडीचे चालक असतात आणि गुणही जास्त मिळवतात. रिकाम्या झालेल्या जागा भरायला माणसे नाहीत. ब्रेक्झिटनंतर युरोपातून येणाऱ्या चालकाला व्हिसा लागतो, त्यामुळे बाहेरून भरती करणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. देशातले ट्रॅकही कमी होत गेले. कव्हेंट्रीचे ब्रँडन स्टेडियम २०१६ नंतर बंद पडले, स्विंडन २०१९ नंतर थांबले आणि २०२३ अखेर वुल्व्हरहॅम्प्टन व पीटरबरो ही दोन्ही ठिकाणे गेली. ट्रॅक गेला की त्या गावातल्या मुलांची पहिली पायरीच जाते, आणि त्याचा परिणाम आठ-दहा वर्षांनी संघाच्या यादीत दिसतो. चालकांचा तुटवडा आहे म्हणून दोन लीगची सोय आहे. सोय काढून घेतली म्हणून तुटवडा भरून निघणार नाही.

आता शिकण्याचा भाग. या पद्धतीच्या बाजूने खरा मुद्दा मला हाच वाटतो. स्पीडवेत शर्यतीचा बराचसा निकाल सुरुवातीच्या रेषेवर ताणलेली टेप वर गेल्यानंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत आणि पहिल्या वळणावर लागतो. क्लच किती सोडायचा, मागच्या चाकाला पकड मिळाली की नाही हे कसे ओळखायचे, बाहेरच्या गेटवरून, म्हणजे कडेकडच्या सुरुवातीच्या जागेवरून, सुटल्यावर पहिल्या वळणात आत घुसायचे की कडेच्या मातीवर विश्वास ठेवून बाहेरून जायचे, हे शिकायला आपल्याहून वेगवान चालकांच्या शेजारी उभे राहावे लागते. पण केवळ तेवढेच वाट्याला आले तर मुलगा मोडतो. सोमवारी तिसरा आणि चौथा, पुढच्या सोमवारी पुन्हा तिसरा आणि चौथा, असे महिनाभर झाले की तो गेटवर उभा राहतो तोच हरलेला असतो. खांदे आखडलेले असतात आणि हँडल आवळून धरलेले असते. त्याच मुलाला शुक्रवारी खालच्या लीगमध्ये दोन शर्यती जिंकता आल्या तर सोमवारी शिकलेली गोष्ट त्याच्या अंगात उतरते. पुढे राहून शर्यत चालवणे आणि मागून येऊन ओलांडणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि एकाच पातळीवर दोन्हींचा सराव क्वचितच होतो. शिवाय ट्रॅक बदलतात. स्कॉटलंडमधील आर्माडेलचा, म्हणजे एडिंबरा संघाचा, ट्रॅक जेमतेम २६० मीटरचा आहे, तर शेफील्डचा आउलर्टन मोठा आणि जोरात पळणारा. लहान ट्रॅकवर गाडी वळवणे आणि मोठ्या ट्रॅकवर वेग न सोडणे हे दोन्ही एकाच हंगामात शिकायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

डॅन ब्यूली हे त्याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण. कंब्रियाचा हा मुलगा २०१७ पासून जवळच्याच वर्किंग्टनकडून खालच्या लीगमध्ये आणि बेल व्ह्यूकडून वरच्या लीगमध्ये खेळला. २०१८ मध्ये वर्किंग्टनने लीगसह त्या पातळीवरच्या तीनही स्पर्धा जिंकल्या. २०२१ मध्ये मँचेस्टरला स्पीडवे ऑफ नेशन्स ही देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात ब्यूली होता, आणि २०२२ मध्ये विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली कार्डिफची ग्रां प्री त्याने जिंकली. दोन लीगमुळेच तो घडला असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्यासारखा हात कुठेही दिसला असता. पण ज्या वयात त्याला भरपूर शर्यती हव्या होत्या त्या वयात त्या त्याला घराजवळ मिळाल्या. (तिहेरी यशानंतरच्याच वर्षी वर्किंग्टन लीगमधून बाहेर पडले. ब्रिटिश स्पीडवेची गोष्ट अशीच असते.)

याच्या उलट दिशेने होणारी ये-जा मला खटकते. वरच्या लीगमध्ये संघाचा पहिला किंवा दुसरा असलेला, परिपक्व, वयाने तिशीपुढचा चालक खाली येतो, दर सामन्यात दहा-बारा गुण घेतो आणि निघून जातो. खालच्या संघाच्या मालकाला तो हवाच असतो, कारण त्याच्या नावावर तिकिटे खपतात आणि सामने जिंकता येतात. चालकालाही हा करार हवा असतो, कारण हे तुलनेने सोपे पैसे आहेत. पण सातांपैकी एक जागा गेली, आणि ती बहुतेक वेळा त्या गावातल्या किंवा या दोन लीगच्याही खालच्या तिसऱ्या पातळीवरून वर येऊ पाहणाऱ्या मुलाची असते. समर्थक म्हणतात की अशा अनुभवी माणसाकडून मुले शिकतात. काही शिकतात, हे मी पाहिले आहे. शर्यतीनंतर मुलाच्या गाडीशेजारी बसून त्याला मागच्या चाकाची दातेरी चकती बदलायला सांगणारे ज्येष्ठ चालक आहेत. पण पंधरावी शर्यत संपताच व्हॅन भरून पुढच्या गावाकडे निघणारेच जास्त आहेत, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी कुठे तरी उतरायचे असते.

थकव्याबद्दल मात्र लोक चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. चार-पाच शर्यती म्हणजे गाडीवरची चार-पाच मिनिटे, आणि तंदुरुस्त माणसाला आठवड्यात असे दोन-तीन सामने जड नाहीत. जड असते ते बाकीचे. रात्री साडेनऊला सामना संपतो, गाड्या धुऊन व्हॅनमध्ये चढवायच्या, चार-पाच तास मोटरवेवर काढायचे, पहाटे घरी, आणि दुपारी पुन्हा गॅरेजमध्ये क्लचच्या प्लेटा तपासायच्या, इंजिनातले मिथेनॉल धुऊन काढायचे, साखळी आणि टायर बदलायचे. पूर्णवेळ मेकॅनिक परवडणारे चालक थोडेच असतात. उरलेल्यांच्या दोन लीगच्या आठवड्यात झोप आणि गाडीची निगा या दोन गोष्टींवर काट मारली जाते. ब्रेक नसलेल्या गाडीवर या दोन्ही काटछाटी धोक्याच्या आहेत. गाडीची निगा हा माझा प्रांत असल्याने एक गोष्ट नोंदवतो, जी बाहेर फारशी बोलली जात नाही. चालकाकडे दोन इंजिने असली तर त्यांतले एक चांगले असते, आणि ते दोन्ही संघांना सारखे मिळत नाही. इंजिन ठरावीक शर्यतींनंतर उघडून दुरुस्त करावे लागते आणि ते काम महाग असते, म्हणून चालक चांगल्या इंजिनाचे आयुष्य जपून वापरतो. जिथे प्रतिष्ठा किंवा पैसा जास्त तिथे ते बाहेर निघते. दुसऱ्या संघाचा प्रेक्षक तिकिटाचे पैसे पूर्ण देतो आणि त्याला दुसरे इंजिन पाहायला मिळते.

दुखापतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. सोमवारी चालक पडला, खांद्याला किंवा मनगटाला मार बसला. शुक्रवारच्या संघाचा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता, तरी त्यांचा माणूस गेला. एका पडण्याने दोन संघ लंगडे होतात, आणि सातांपैकी चार-पाच जण दोन लीगमध्ये असतील तर जुलैपर्यंत दोन्ही लीगची यादी विस्कटते. दुसऱ्या बाजूने, गुणांवर पोट असलेला चालक दुखणे लपवतो, हे पिटमध्ये काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. एका संघाच्या व्यवस्थापकाला तो ‘ठीक आहे’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘एक आठवडा विश्रांती हवी’ असे सांगतो. म्हणून माझा आग्रह असा की दोन लीगमध्ये खेळणाऱ्या चालकाची वैद्यकीय नोंद दोन्ही संघांना एकाच ठिकाणी दिसावी, आणि विश्रांतीचा निर्णय झाला तर तो दोन्हीकडे लागू व्हावा. डोक्याला मार लागला असेल तर तो निर्णय डॉक्टरचा असावा. त्यात चालकाला आणि व्यवस्थापकालाही मत नसावे.

तारखांच्या भांडणावर येऊ, कारण प्रेक्षक सर्वाधिक चिडतो तो यावर. वरच्या लीगचे सामने साधारणपणे सोमवारी आणि गुरुवारी ठेवले जातात आणि खालचे इतर वारी, ज्याच्या त्याच्या परंपरेनुसार. ग्लासगोचा शुक्रवार, बेरिकचा शनिवार. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण इंग्लंडातला पाऊस वेळापत्रक वाचत नाही. एप्रिल-मेमध्ये वाहून गेलेले सामने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुठे तरी कोंबले जातात, तोवर बाद फेरीही जवळ आलेली असते, आणि मग एकाच संध्याकाळी दोन संघांना एकच माणूस हवा असतो. अशा वेळी नियम दोन पर्याय देतात. गैरहजर चालकाच्या शर्यती सहकाऱ्यांनी वाटून घ्यायच्या, किंवा दुसऱ्या संघाचा, तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा चालक एका सामन्यापुरता ‘गेस्ट’ म्हणून आणायचा. गेस्टची सोय मूळची दुखापतीसाठी योग्यच आहे, नाही तर सामनाच होणार नाही. पण तारखा आदळल्या म्हणून गेस्ट आणला की विचित्र प्रकार घडतात. एकाच ट्रॅकवर एकाच महिन्यात एकच चालक घरच्या संघाचा, पाहुण्या संघाचा आणि तिसऱ्याच कोणाचा तरी गेस्ट अशा तीन जाकिटांत दिसू शकतो. वडिलांचा हात धरून आलेल्या दहा वर्षांच्या पोराने मग ओरडायचे कोणासाठी? या खेळाला टीव्हीच्या पैशांवर जगता येत नाही. तो प्रवेशद्वारावरच्या तिकिटावर जगतो, आणि ते तिकीट ‘आपला संघ’ या भावनेवर खपते.

म्हणून माझा सर्वांत ठाम प्रस्ताव असा: चालक दुसऱ्या लीगमध्ये गुंतला आहे म्हणून गैरहजर असेल तर गेस्ट मिळू नये. सहकाऱ्यांनी शर्यती वाटून घ्याव्यात किंवा संघाने तिसऱ्या पातळीवरचा स्थानिक मुलगा उतरवावा. यामुळे दोन गोष्टी होतील. दोन लीगमधले किती चालक घ्यायचे याचा विचार संघ हंगामाआधीच करतील, कारण धोका त्यांचा असेल. आणि वेळापत्रक ठरवणारे लोक आधी एकमेकांना फोन करतील, जो आज अनेकदा नंतर केला जातो. दुसरा प्रस्ताव सरासरीचा. वरच्या लीगमध्ये ज्याची सरासरी, समजा, ६ च्या खाली आहे, म्हणजे जो अजून दर शर्यतीत सरासरी दुसरा यायलाही झगडतो आहे, त्यालाच खालचा दुसरा करार मिळावा. सीमा कुठे आखायची यावर वाद होईल, साडेपाच की साडेसहा, तो होऊ द्यावा. पण सीमा हवी. ती ओलांडली की पुढच्या हंगामात त्याने एक लीग निवडावी. वयाची अट मी घालणार नाही. उशिरा घडणारे चालक या खेळात पुष्कळ असतात.

नियमांनी तरुणांसाठी जागा राखणे काही अशक्य नाही. २०१४ मध्ये एलिट लीगने राखीव जागांसाठी खालच्या पातळीवरचे ब्रिटिश चालक वाटून देण्याची पद्धत सुरू केली होती आणि २०२१ पासून ‘रायझिंग स्टार’ या नावाने तसाच प्रयत्न पुन्हा झाला. दोन्हींबद्दल बरीच टीका झाली, काही रास्तही होती, कारण तयारी नसलेली मुले फार लवकर वर ढकलली गेली. तरीही दिशा बरोबर होती, कारण दुसऱ्या लीगची मुभा तिथे होतकरूंना होती.

पोलंडचा दाखला या वादात नेहमी दिला जातो. तिथे एकस्ट्रालिगात, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, पैसा इतका आहे की चालकाला देशात दुसरा संघ लागत नाही. त्याची दुसरी लीग म्हणजे स्वीडन, डेन्मार्क किंवा ब्रिटन. ऑस्ट्रेलियाच्या ली अ‍ॅडम्सने ब्रिटनमधील स्विंडन आणि पोलंडमधील लेश्नो सांभाळले, त्याच देशाच्या जेसन क्रंपने बेल व्ह्यू आणि पोलंडमधील व्रोत्सवाफ. त्या पिढीसाठी आठवड्यात तीन देश ही नेहमीची गोष्ट होती. पुढे टाय वॉफिंडनसारखा विश्वविजेताही २०१६ नंतर काही हंगाम ब्रिटिश लीगपासून दूर राहिला. मोठ्या चालकाला कमी सामने आणि नेमकी तयारी परवडते, म्हणून तो एक-दोन लीग निवडतो. आपल्याकडे सक्रिय भारतीय पुरुष क्रिकेटपटूंना परदेशी टी-२० लीगमध्ये खेळायला बीसीसीआय परवानगी देत नाही, तेही आयपीएलच्या पैशांमुळेच शक्य होते. ब्रिटिश प्रवर्तकांनी, म्हणजे संघ चालवणाऱ्यांनी, तेवढे पैसे न देता तेवढीच निष्ठा मागणे हा शुद्ध आपमतलब ठरेल.

एक मधला मार्ग ऑक्सफर्डने दाखवला आहे. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये तिथे स्पीडवे परतले आणि २०२४ पासून एकाच स्टेडियमवर वरच्या लीगसाठी स्पायर्स आणि खालच्या लीगसाठी चीटाज असे दोन संघ उभे राहिले. चालक दोन्ही संघांत असला तरी मालक, डॉक्टर, वर्कशॉप आणि प्रेक्षक एकच राहतात. तारखांचे भांडण घरातल्या घरात मिटते आणि दुखापत लपवायला जागा उरत नाही. बेल व्ह्यूचे जुने कोल्ट्स याच जातीचे होते. अर्थात यासाठी आठवड्यात दोन रात्री स्टेडियम भाड्याने घेण्याची ऐपत लागते, आणि काही ठिकाणी स्टेडियम ग्रेहाउंड शर्यतींच्या मालकांचे असल्याने ती रात्र मिळेलच असे नाही.

राहिला चालकाचा स्वतःचा निर्णय. एखादा तरुण मला विचारतो तेव्हा मी त्याला एवढेच पाहायला सांगतो: खालच्या संघात तू पहिल्या पाचांत आहेस का, दोन्ही संघांचे घरचे ट्रॅक तुझ्या गॅरेजपासून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत का, आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस गाडी न उघडता मिळतो का. तिन्हींना होकार असेल तर करार कर, आणि त्यात तारखा आदळल्यास कोणत्या संघाचा हक्क आधी हे लेखी घे. पहिल्यालाच नकार असेल तर वरची लीग एक वर्ष थांबू शकते. खाली राखीव आणि वरही राखीव राहून कोणी शर्यत जिंकायला शिकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.